विमानाचे इंधन आणि मांजरेचे पाणी

बिदरचे आकाश सहसा रिकामे नसते. येथील हवाई दलाचा तळ म्हणजे शिकाऊ वैमानिकांची जुनी पाठशाळा. 'सूर्यकिरण' हे हवाई कसरतींचे पथक १९९६ साली येथेच उभे राहिले, आणि २००८ च्या फेब्रुवारीत 'हॉक' जातीची शिकाऊ विमाने हवाई दलात रीतसर दाखल झाली तीही येथेच. त्यामुळे आमच्या भागातील माणसाला विमानाचे अप्रूप उरलेले नाही. तुरीच्या शेतात खुरपणाऱ्या बाया मान वर करून बघतही नाहीत. पाहुणा आलेला मुलगा मात्र चटकन ओळखू येतो, कारण घरघर ऐकली की तो जेवणाच्या पानावरून उठून अंगणात धाव घेतो.

परंतु विमान पाहणे निराळे आणि विमानात बसणे निराळे. विमानात बसण्याचा योग या सीमाभागाला अगदी अलीकडे आला. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी कलबुर्गीचा (जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही गुलबर्गाच आहे) विमानतळ सुरू झाला आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी बिदरच्या हवाई दलाच्या धावपट्टीलगत सामान्य प्रवाशांसाठी इमारत उघडली. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेमुळे भाडेही मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात आले. पुढे या सेवा कधी चालू, कधी बंद अशा चालत आल्या. बिदरची सेवा खंडित झाली, २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, २०२३ च्या अखेरीस थांबली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तरी एकदा पाहिलेली वाट माणूस विसरत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या शेजारच्या घरी मातोश्री अत्यवस्थ झाल्या. थोरला मुलगा बंगळुरास नोकरीला. सकाळी निरोप गेला आणि सुदैवाने त्या दिवशी विमान होते. सूर्य मावळण्याच्या आत तो आईच्या उशाशी येऊन बसला. तिने त्याला ओळखले, त्याच्या हातून दोन चमचे पाणी घेतले, आणि त्याच रात्री ती गेली. रात्रीच्या बसने निघाला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला केवळ खांदा द्यावा लागला असता. बिदर ते बंगळूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे सव्वापाचशे किलोमीटर. रस्त्याने ते बरेच वाढते. ही हकीकत आम्ही आधीच सांगून टाकतो, कारण पुढे विमानाविषयी काही अप्रिय गोष्टी लिहायच्या आहेत, आणि आमच्या मागास म्हणवल्या गेलेल्या जिल्ह्यांना विमान हवेच कशाला असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हांला बसायचे नाही.

विमानाचे इंधन हे आपल्या ओळखीच्या रॉकेलचेच सख्खे भावंड. ज्या गृहिणींनी वातीचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना त्याचा वास वेगळा सांगायला नको. विमानतळावर मोटारीतून उतरल्यावर जो उग्र दर्प येतो तो बालपणीच्या स्वयंपाकघराचीच आठवण करून देतो. हे इंधन एक किलो जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. एका किलोतून तीन किलो कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. इंधनातील कार्बन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि प्राणवायूचे वजनही त्यात मिळते, म्हणून ही वाढ. समजा, एखाद्या लहान विमानाने एका फेरीत एक टन इंधन जाळले आणि आत पन्नास माणसे बसली होती, तर माणशी ६३ किलो वायू झाला. पंचवीसच बसली असतील तर माणशी १२६ किलो. रिकामी खुर्चीही जवळजवळ तेवढेच इंधन खाते. आमच्या भागातील सेवा अर्ध्या भरलेल्या धावतात तेव्हा कंपनीचे नुकसान होते हे सर्वांना दिसते, आकाशाचे होते ते दिसत नाही.

जगात मनुष्याच्या उद्योगामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण जगातील बहुसंख्य माणसे विमानात कधी चढलेलीच नाहीत हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे खरे वजन कळते. शिवाय विमान वायूवरच थांबत नाही. हिवाळ्याच्या सकाळी अंगणात उभे राहिले की फार उंचावरून जाणाऱ्या विमानाच्या मागे पांढरी रेघ उमटलेली दिसते. ती धुराची नसते. इंजिनातून निघालेली वाफ वरच्या गोठवणाऱ्या थंडीत काजळीच्या सूक्ष्म कणांभोवती जमते, त्या बर्फकणांची ती रेघ. कधी ती पाच मिनिटांत विरते, कधी पसरून पातळ ढगासारखी तासन्‌तास राहते. असे ढग पृथ्वीची उष्णता वर जाऊ देत नाहीत. विशेषतः रात्री ते गोधडीचे काम करतात. म्हणून विमानांमुळे होणारी तापवाढ केवळ कार्बनच्या हिशेबाहून मोठी आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात.

यावर उपाय काय? मोटारी विजेवर चालू लागल्या तशी विमानेही चालवावीत, हा पहिला विचार कोणाच्याही मनात येईल. अडचण वजनाची आहे. एक किलो विमान-इंधनात जेवढी ऊर्जा साठवलेली असते तिच्या चाळिसाव्या किंवा पन्नासाव्या हिश्शाएवढीच आजच्या चांगल्या बॅटरीच्या एका किलोत मावते. विजेची मोटर इंधनाच्या इंजिनापेक्षा कमी ऊर्जा वाया घालवते हे खरे, तरी दरी बुजत नाही. इंधन जळून जाते आणि विमान हलके होत जाते. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे ओझे उतरत नाही. २०१५ च्या मार्चमध्ये 'सोलर इम्पल्स' हे सूर्यशक्तीवरचे विमान अहमदाबादला आणि मग वाराणसीला उतरले होते. त्याने पुढे २०१६ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. पण त्यात एकच माणूस बसत असे. २०२० साली युरोपात दोन आसनांच्या एका विजेवरच्या शिकाऊ विमानाला परवाना मिळाला. शिकाऊ वैमानिकांच्या गावात राहणाऱ्या आम्हांला ही बातमी विशेष वाटली. परंतु पन्नास-साठ माणसे घेऊन बंगळूर गाठणे ही गोष्ट त्याहून फार दूरची आहे. हायड्रोजनचेही तसेच. तो जळला की पाणीच उरते, पण द्रवरूपात ठेवायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो आणि टाकी चौपट मोठी लागते. युरोपच्या एअरबस कंपनीने असे विमान २०३५ पर्यंत आणू असे २०२० साली जाहीर केले होते. २०२५ मध्ये ती मुदत तिने पुढे ढकलली.

मधल्या काळात किरकोळ वाटणाऱ्या पण खऱ्या बचती चालू आहेत. थोड्या अंतरासाठी झोतावर चालणाऱ्या विमानापेक्षा पंख्याचे विमान पुष्कळ कमी इंधन घेते. ते थोडे हळू जाते, आणि त्यातून प्रवास करणारी मंडळी त्याला अकारण कमी लेखतात. एअर इंडियाने २०१९ च्या ऑक्टोबरात दिल्लीस प्रवासी भरलेले विमान इंजिने बंद ठेवून एका खास ओढयंत्राने धावपट्टीच्या दिशेने नेले. 'गगन' या आपल्या उपग्रहयंत्रणेच्या आधाराने २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगडला एक एटीआर विमान उतरवले गेले. अशा मार्गदर्शनाने घिरट्या आणि वळसे वाचतात. कोचीचा विमानतळ २०१५ पासून आपली वीज सूर्याकडून घेतो. या सर्वांचे मोल आहेच. परंतु आकाशात इंजिन जे जाळते ते जाळतेच. तेव्हा आपल्या हयातीपुरता मोठा उपाय एकच दिसतो: सध्याच्याच इंजिनात चालेल असे, रॉकेलसारखेच वागणारे, पण जमिनीच्या पोटातून न काढलेले इंधन.

त्यामागील तत्त्व साधे आहे. वनस्पती वाढताना हवेतून कार्बन घेते. तिच्यापासून केलेले इंधन जळले की तोच कार्बन पुन्हा हवेत जातो. कोट्यवधी वर्षे पुरलेला जुना कार्बन नव्याने बाहेर पडत नाही. नळकांड्यातून निघणारा वायू तेवढाच असतो, फरक हिशेबाच्या वहीत पडतो. अशा इंधनाने काजळीही कमी धरते, म्हणून त्या पांढऱ्या रेघाही घटण्याचा संभव असतो. मात्र पिकासाठी किती खत घातले, किती पंप चालवले, कोणते जंगल तोडले, हे सारे वजा करावे लागते. टाकाऊ मालापासून केलेले उत्तम इंधन ८० टक्क्यांपर्यंत बचत देऊ शकते. मुद्दाम पिकवलेल्या मालाचे तसे नाही.

आपल्या देशात याचा पहिला प्रयोग २७ ऑगस्ट २०१८ रोजी झाला. डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या पंख्याच्या विमानात जट्रोफाच्या, म्हणजे आपल्या मोगली एरंडाच्या बियांपासून बनवलेले इंधन एक चतुर्थांश मिसळले होते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ते तयार केले आणि बिया छत्तीसगढच्या शेतकऱ्यांकडून आल्या. पुढे बंगळूरच्या लष्करी विमानयोग्यता केंद्राने मान्यता दिल्यावर हवाई दलाच्या एएन-३२ विमानाने २६ जानेवारी २०१९ रोजी दहा टक्के मिश्रणावर दिल्लीच्या राजपथावरून संचलन-उड्डाण केले. मग १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला प्रवाशांचे नेहमीचे विमान निघाले, त्यात देशी बनावटीच्या या इंधनाचा अंश होता. तो बनवला होता पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने, इंडियन ऑइलच्या सहकार्याने. प्रमोद चौधरी यांनी उभारलेली ही कंपनी साखर कारखान्यांच्या आसवनी प्रकल्पांसाठी प्रसिद्ध आहे, आणि कच्चा माल होता उसाची मळी.

मराठी वाचकाला येथे अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, आम्हांलाही वाटला. मळीतून विमान कसे उडते? मळी आंबवून मद्यार्क काढायचा, ही विद्या आपल्याकडे जुनीच. त्या मद्यार्कातून पाणी काढून टाकले की इथिलीन वायू मिळतो. त्या वायूचे लहान रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, त्यांना हायड्रोजन पाजायचा आणि ऊर्ध्वपातनाने हवा तो भाग वेगळा करायचा. जे हाती येते ते रसायनदृष्ट्या विमानाच्या रॉकेलासारखेच असते. आजच्या नियमांनुसार ते निम्म्यापर्यंत मिसळता येते. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी लंडनहून न्यूयॉर्कला एक मोठे विमान विशेष परवानगीने संपूर्णपणे अशा प्रकारच्या इंधनावर गेले.

ही सगळी हकीकत आम्ही भालकी तालुक्यात आमच्या वडील चुलत्यांना उत्साहाने सांगितली. त्यांचे वय ऐंशीच्या घरात आहे. त्यांची शेती मांजरेच्या खोऱ्यात आहे, ऊस हुंजीच्या महात्मा गांधी सहकारी साखर कारखान्याला जात आला आहे. त्यांनी सुपारी कातरता कातरता सारे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे उसाला आणखी एक गिऱ्हाईक आलं म्हणायचं. बरंय. आणि पाणी कुणाचं रे बाबा?"

या एका प्रश्नापाशी आमची गाडी अडली, आणि प्रस्तुत लेख त्यातूनच निघाला.

ऊस शेतात वर्षभर उभा असतो आणि त्या काळात त्याला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. आमच्याकडे एवढा पाऊस पडत नाही. राहिलेले पाणी नदीतून, धरणातून किंवा बोअरमधून यावे लागते. मांजरा ही आमची जीवनदायिनी, पण ती आमच्याकडे येते लातूर-धाराशिवची तहान भागवून. त्या खोऱ्यातले पाणी संपले म्हणजे काय होते ते २०१६ च्या एप्रिलमध्ये साऱ्या देशाने पाहिले. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच खोऱ्यात उसाचे मळे मात्र उभे होते. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शेतकरी तेव्हा एकच भाषा बोलत होते, आणि ती मराठी वा कन्नड नव्हती.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण जाहिरातींतून तो पुसट होतो. एक टन ऊस गाळून साखर काढून घेतल्यावर जी शेवटची मळी उरते तिच्यातून दहा-अकरा लिटर मद्यार्क निघतो. साखर न करता रसच आंबवला तर एका टनातून सत्तर लिटरांच्या आसपास निघतो. मळी हे उरलेसुरले आहे. साखरेसाठी पाणी आधीच खर्च झालेले असते, मळीमुळे ते वाढत नाही. रसाचे तसे नाही. रस विमानाला द्यायचा म्हणजे विमानासाठी ऊस लावायचा. आता मागणीचा आकडा पाहा. देशातील विमान-इंधनात अवघे एक टक्का मिश्रण करायचे तर वर्षाला सुमारे १४ कोटी लिटर नवे इंधन लागेल असे पुण्याच्या त्या उड्डाणाच्या वेळी केंद्रीय मंत्र्यांनी सांगितले होते. एक लिटर इंधनाला दीड लिटराहून अधिक मद्यार्क लागतो. परदेशी जाणाऱ्या विमानांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन टक्के आणि २०३० मध्ये पाच टक्के असे सरकारचे उद्दिष्ट आहे. त्यातच पेट्रोलमध्ये वीस टक्के मद्यार्क मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले आहे, त्याची भूक वेगळीच. सगळ्या पंक्तींना वाढायला मळी पुरणार नाही, आणि मग वाढपी रसाच्या भांड्याकडे वळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

निसर्ग याला लगाम घालतो, तोही कठोरपणे. २०२३ साली पाऊस उणा झाला तेव्हा डिसेंबरात केंद्र सरकारला उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर एकाएकी निर्बंध घालावे लागले, कारण साखर कमी पडण्याची भीती होती. ज्या कारखान्यांनी कर्जे काढून आसवनी वाढवली होती ते अडचणीत आले. पावसावर अवलंबून असलेले शेत आम्हांला ठाऊक होते. पावसावर अवलंबून असलेले विमान आता कळू लागले आहे.

उसाविषयी इतके लिहिले याचा अर्थ हा मार्गच सोडावा असे आमचे म्हणणे नाही. मळी जरूर वापरावी. पण आमच्या दोन्ही जिल्ह्यांत उसाशिवाय काही आहे, आणि त्याला नदीचे पाणी लागत नाही.

कलबुर्गी हे तुरीचे कोठार. तेथील तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तूर पावसावर वाढते, जमिनीला नत्र देते, आणि मळणी झाल्यावर मागे तुराट्यांचे ढीग सोडते. या तुराट्यांचे आपल्या घरांत काय काय होत असे! चुलीचे सरपण, परसाचे कुड, गुरांच्या गोठ्याच्या ताट्या, कोंबड्यांच्या झाकण्या. आता घरोघरी गॅस आला आणि भिंती सिमेंटच्या झाल्या; पुष्कळ ठिकाणी तुराट्या बांधावरच पेटवून देतात. अशा काडीकचऱ्यातील तंतूंपासूनही मद्यार्क काढता येतो. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलने भाताच्या पेंढ्यापासून मद्यार्क करणारा कारखाना उभारला आणि १० ऑगस्ट २०२२ रोजी तो राष्ट्रार्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा वापरून तीन कोटी लिटर मद्यार्क, असा त्याचा आराखडा. त्याचे तंत्रही पुण्याच्या त्याच कंपनीचे. तुराटी पेंढ्याहून चिवट, तिच्यातील काष्ठद्रव्य अधिक, म्हणून ती फोडणे अधिक कष्टाचे. शिवाय ती फार जागा अडवते आणि वजनाला काहीच भरत नाही. ट्रक भरलेला दिसतो आणि काटा हलत नाही. गावोगावी बारीक करून, दाबून मगच ती हलवावी लागेल. आणि ज्या म्हाताऱ्या बायांची चूल अजून तुराटीवरच पेटते त्यांच्या दारातून ती उचलली जाऊ नये, हे पाहणारा कोणी तरी असला पाहिजे.

दुसरा उमेदवार करंज. आमच्याकडे बांधावर, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी हे झाड आपण होऊन उभे असते; आमच्या एका नदीचे आणि धरणाचे नावही करंजाच आहे. कन्नडमध्ये याला होंगे म्हणतात. बियांचे तेल कडू, खाण्याच्या उपयोगाचे नाही. पूर्वी ते दिव्यात जाळीत आणि खरजेवर लावीत. अशा तेलापासून विमान-इंधन करण्याचे तंत्र मद्यार्काहून सोपे आहे. पण येथे आम्ही हात राखूनच लिहितो, कारण मोगली एरंडाची गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने देशभर पडीक जमिनीवर त्याच्या लागवडीची मोठी योजना मांडली होती. रोपे वाटली गेली, फलक लागले. माळरानावर, पाण्यावाचून ते झुडूप जगते हे खरे ठरले. पण बिया मनाजोग्या देत नाही हेही खरे ठरले. करंज लावल्यावर फळायला पाच-सात वर्षे लागतात. आज उभ्या असलेल्या झाडांच्या शेंगा वेचणे आणि त्याच्या नावाने नवा डोलारा उभारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तिसरी वस्तू आमच्या स्वयंपाकघरातलीच आहे: तळणीचे उरलेले तेल. इंडियन ऑइलच्या पानिपत येथील शुद्धीकरण कारखान्याला २०२५ च्या ऑगस्टमध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून विमान-इंधन करण्याचे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे प्रमाणपत्र मिळाले. वर्षाला ३५ हजार टनांची क्षमता त्यांनी सांगितली आहे. मोठमोठ्या उपाहारगृहांतून आणि फरसाणाच्या कारखान्यांतून तेल गोळा करायचे अशी ती योजना. आपल्या काटकसरी घरांत तळणीचे तेल उरतेच किती, आणि उरले तर ते पोळीला, फोडणीला संपते. पण खानावळी, वसतिगृहे, मंगल कार्यालये, गाणगापूर-माणिकनगरच्या वाटेवरची भजी-जिलबीची दुकाने येथे कढयाच्या कढया काळ्या होतात. तेच तेल पुनःपुन्हा तापवले की प्रकृतीला अपाय होतो. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यातील विघटित द्रव्यांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तेव्हा हे तेल पोटाऐवजी विमानात गेले तर दोन्हीकडे लाभ. यातही लबाडीला वाव आहे. ताजे तेलच जुने म्हणून विकले जाते की काय, अशी शंका युरोपात उघडपणे घेतली गेली आहे.

जगाच्या मानाने हे सारे अजून फार थोडे आहे. २०२४ साली जगभर मिळून असे इंधन दहा लाख टन झाले, म्हणजे एकूण विमान-इंधनाच्या ०.३ टक्के. किंमत साध्या इंधनाच्या दुपटीपासून पुढे कितीही. युरोपीय संघाने २०२५ पासून दोन टक्क्यांची सक्ती केली आहे, ती २०५० मध्ये ७० टक्क्यांवर न्यायची आहे. ज्यांची मुले जर्मनीला वा हॉलंडला आहेत त्या आईबापांच्या तिकिटात हा भार हळूहळू दिसू लागेल. तो दिसावा, असे आमचे मत आहे. आमच्या शेजारच्या त्या मुलाने आईसाठी केलेला प्रवास आणि केवळ हौस म्हणून महिन्याकाठी विमानाने जाणे यांत फरक करणारे तंत्र अजून निघालेले नाही. तिकिटाची किंमत तेवढी तो थोडाफार करते.

याच संदर्भात रेल्वेचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. सुमारे ११० किलोमीटरच्या या मार्गाची वाट आमच्या वडिलांची पिढी पाहत राहिली आणि गेली. तोवर एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात आगगाडीने जायचे तर विकाराबादचा वळसा पडे. १२ मार्च २०२४ रोजी कलबुर्गीहून बंगळूरला विजेवर धावणारी वंदे भारत गाडी निघाली. दिवस मोडतो खरा, पण नऊएक तासांत माणूस पोचतो, आणि ते तंत्र प्रयोगशाळेत नाही, फलाटावर उभे आहे. घाई नसेल तेव्हा रेल्वे आणि जीव टांगणीला लागला असेल तेव्हा विमान, असा आमच्या घरापुरता नियम आम्ही केला आहे. तो दोनदा मोडलाही आहे. दोन्ही वेळा लग्नाला.

त्यांतले दुसरे लग्न भालकीलाच होते, चुलत्यांच्या नातीचे. मांडव उतरल्यावर आचाऱ्याने विचारले, "मालक, दोन डबे तेल राहिलंय, काय करू?" बाजारातला एक भजीवाला ते लगेच न्यायला तयार होता. चुलत्यांनी नको म्हटले. आम्हीच त्यांना पानिपतची हकीकत सांगितली होती, त्यामुळे जबाबदारी आमच्यावर आली. आम्ही चार ठिकाणी चौकशी केली. मोठ्या शहरांतून असे तेल नेणारे लोक आहेत, पण दोन डब्यांसाठी भालकीपर्यंत यायला कोणी राजी होईना. किमान काही पिंपे भरली तर विचार करू, असे एकाने सांगितले. तेव्हा चुलत्यांनी गावातल्या दोन मंगल कार्यालयांशी आणि एका वसतिगृहाशी बोलणे लावले आहे. डबे सध्या त्यांच्या वाड्याच्या पडवीत, नांगराच्या जुन्या फाळाशेजारी झाकून ठेवलेले आहेत. वरून विमान गेले की ते पडवीकडे बोट दाखवतात आणि आम्हांला विचारतात, "काय, कधी येणार तुमचा माणूस?"